हेवीवेटची जोड तक्त्यात मावत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या क्रीडा पानावर हेवीवेट बॉक्सिंगवर एक चौकट आली होती. दोन बॉक्सरांचे फोटो आणि मध्ये तक्ता: उंची, वजन, हातांची लांबी, वय, लढती, नॉकआउट. ज्याचा आकडा सरस त्याच्यापुढे हिरवी बरोबरची खूण. शेवटी खुणांची बेरीज करून पारडं कुणाचं जड ते सांगितलेलं. वर हेही लिहिलेलं, की याने ज्याला लोळवलं त्याच माणसाकडून दुसरा हरलाय, तेव्हा निकालात फारशी शंका उरत नाही. मी तो तक्ता दोनदा वाचला आणि पुढ्यातला चहा गार झाला.

रागाने लिहीत नाही. मागच्या महिन्यात हाच हिशेब मी स्वतः घरात बसून मांडला होता आणि तोंडघशी पडलो. ते पुढे येईलच.

मी सातपूरच्या एका कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालो. वय ६६. उमेदीत पंचवटीतल्या एका तालमीत सात वर्षं माती अंगाला लावली. गेली ११ वर्षं जिल्ह्यातल्या शालेय बॉक्सिंग स्पर्धांना वजनकाट्यावर बसतो. पोरांना चड्डीवर उभं करायचं आणि किलो-ग्रॅम वहीत उतरवायचे, एवढंच काम. म्हणजे आयुष्यभर मी मापंच घेतली, आधी लोखंडाची, आता पोरांची. आकड्यांशी माझं वैर असायचं कारण नाही. पण काट्यावरून उतरल्यावर पोरगं रिंगमध्ये काय करणार, हे काट्याला कळत नाही.

तालमीत आमचा शब्द होता 'जोड'. यात्रेच्या फडात पंच गडी हेरत फिरायचे, दोघांचे हात धरून मधोमध आणायचे आणि लोकांना विचारायचे, "जोड बरोबर आहे का?" काटा कुठला असणार? मान बघायची, मांड्या बघायच्या, वय बघायचं, आणि विचारायचं कोणत्या वस्तादाचा पठ्ठा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण वस्तादावरून डाव कळायचे.

१९७८ साली निफाड तालुक्यातल्या एका यात्रेत माझी जोड लागली. इनाम ५१ रुपये आणि नारळ. मी सहा फुटाला थोडा कमी, ७९ किलो, आणि ढाक हा डाव माझा बरा बसायचा. समोरचा गडी माझ्या खांद्याला लागत होता. या गड्याला आदल्या वर्षी ज्याने चीत केलं, त्याला मी दोनदा चीत केलं होतं. त्यामुळे मनातल्या मनात माझा नारळ फोडूनही झाला होता. हलगी सुरू झाली, सलामी झाली, मी त्याच्या मानेवर हात टाकायला जरा वाकलो आणि तो माझ्या काखेखालून सुळकन आत शिरला. दुहेरी पट, दोन्ही पाय धरून पाडायचा डाव. पाठीला माती लागली तेव्हा माझा उजवा हात अजून त्याची मान शोधत हवेतच होता. वस्तादांनी टॉवेल अंगावर टाकला आणि एवढंच म्हणाले, "तू पाडलास तो उभ्याने लढणारा. हा खालून शिरणारा. तुला दोघं सारखेच दिसले का रे?"

आता हेवीवेटकडे येतो. बॉक्सिंगच्या बाकी गटांना वरून झाकण असतं, त्यामुळे दोघांची शरीरं साधारण एका मापाची येतात. व्यावसायिक हेवीवेट २०० पौंडांच्या, म्हणजे पावणेएक्क्याण्णव किलोंच्या वर सुरू होतो आणि वर आभाळ मोकळं. तिथे शंभर किलोचा माणूस सव्वाशे किलोवाल्यासमोर उभा राहू शकतो, पाच फूट दहा इंचवाला साडेसहा फुटीसमोर. शरीरं इतकी वेगळी म्हटल्यावर लढण्याच्या तऱ्हाही वेगळ्या होणारच. बुटका दुरून लढून काय करणार? तो आत शिरायला शिकतो. उंच माणूस लांब हाताच्या जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने, शिरणाऱ्याला थोपवायला शिकतो. ज्याच्या ठोशात घण आहे तो एका संधीची वाट बघतो. त्यात या गटात एक ठोसा नीट बसला तरी खेळ खलास. म्हणून कोणाची तऱ्हा कोणाच्या तऱ्हेवर आदळते, हा प्रश्न इथे जितका जड आहे तितका दुसऱ्या कुठल्याच गटात नाही.

ज्यांनी १९७० चं दशक पाहिलंय त्यांना हे सांगावं लागत नाही. आमच्या तालमीत रेडिओ होता, आणि कुस्ती सोडून ज्याच्यावर वाद व्हायचे असा एकच परदेशी माणूस होता, मुहम्मद अली. ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझरने त्याला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवलं, पंधराव्या फेरीत डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, खालीही पाडलं. अलीची एक खोड होती. ठोसा आला की हात न उचलता नुसतं डोकं मागे घ्यायचं. लांबून मारणाऱ्यापुढे हे जमून जायचं. पण फ्रेझर डोलत, वाकत, जॅबच्या खालून अंगाला येऊन भिडायचा, आणि डोकं मागे जातं तिथेच त्याचा हुक येऊन पोचायचा. मला पाडणाऱ्या त्या निफाडच्या गड्याचा सख्खा भाऊ म्हणा.

मग २२ जानेवारी १९७३ ला किंग्स्टनमध्ये याच फ्रेझरला जॉर्ज फोरमनने दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली बसवलं. सहा वेळा! फ्रेझर एकदम दुबळा झाला होता का? छे. तो नेहमीसारखाच वाकून आत येत होता. फोरमन दोन्ही हातांनी त्याला ढकलून हव्या त्या अंतरावर उभा करायचा आणि अपरकट, म्हणजे खालून वर हनुवटीकडे जाणारा ठोसा, आणायचा. वाकून येणारा माणूस अपरकटच्या वाटेवर स्वतःहून डोकं ठेवतो. जी चाल अलीवर अमृत ठरली ती फोरमनपुढे विष झाली.

त्याच वर्षी ३१ मार्चला सॅन डिएगोत केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला आणि लढत जिंकली. नॉर्टन उजवा हात हनुवटीपाशी धरायचा, अलीचा जॅब त्यावर झेलायचा आणि त्याच क्षणी स्वतःचा जॅब सोडायचा. नॉर्टन आणि फ्रेझर दोघांच्या कोपऱ्यात एडी फच हा एकच ट्रेनर होता. बघा, वस्ताद कोण हे विचारणारे आमचे पंच वेडे नव्हते. अली आणि नॉर्टन तीन वेळा भिडले, एकूण ३९ फेऱ्या, आणि तिन्ही वेळा शेवटपर्यंत कोण पुढे हे छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. त्याच नॉर्टनला फोरमनने मार्च १९७४ मध्ये काराकसला दुसऱ्या फेरीत संपवलं.

आता आपल्या चौकटीच्या पद्धतीने हिशेब मांडा. अली फ्रेझरकडून हरला, नॉर्टनकडून हरला. फोरमनने त्या दोघांना प्रत्येकी दोन फेऱ्यांत गुंडाळलं. फोरमन २५ वर्षांचा, एकही हार नाही. अली ३२ चा. हिरव्या खुणा कुणाच्या बाजूला पडल्या असत्या ते सांगायला नको. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत झोपवलं. आमच्याकडे दुपारी रेडिओवर कळलं. मी १५ वर्षांचा होतो. जोर मारणारे उठून उभे राहिले आणि वस्तादांनी, ज्यांनी आयुष्यात बॉक्सिंगची रिंग पाहिली नव्हती, विचारलं, "त्याने त्याला दमवला का?"

अगदी तेच झालं होतं. फोरमनला समोरचा माणूस लवकर पाडायची सवय. अली दोरांना टेकून, हातांनी तोंड झाकून ठोसे खात राहिला, मधेच सरळ उजवा लगावत राहिला. फोरमनचा घण दोरांवर आणि दंडांवर वाया गेला. तऱ्हा म्हणजे नुसतं पाय कसे हलतात एवढंच नाही. माणसाला किती वेळ लढायची सवय आहे, हेही तिच्यातच आलं.

इथे एक कबुली द्यायला हवी. शिरणारा दुरून लढणाऱ्याला खातो, घणवाला शिरणाऱ्याला खातो, दुरून लढणारा घणवाल्याला खातो, असं दगड-कागद-कात्रीसारखं सूत्र सांगणारे पुष्कळ भेटतात. मीही पोरांना सांगायचो. पण तेही एका नव्या तक्त्यासारखंच आहे. अलीने फ्रेझरला पुढे दोनदा हरवलंच की. आणि १९४१ साली बिली कॉन नावाचा हलका, चपळ गडी जो लुईसमोर बारा फेऱ्यांनंतर दोन पंचांच्या कागदावर पुढे होता, तिसऱ्याकडे बरोबरी होती. नुसता पळत राहिला असता तरी जगज्जेता झाला असता. तेराव्या फेरीत त्याला लुईला नॉकआउट करायची हुक्की आली आणि स्वतःच आडवा झाला. स्वतःची तऱ्हा सोडून दुसऱ्याच्या अंगणात जायची ही शिक्षा.

माइक टायसनबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण त्याच्यापायी माझे पैसे गेले आहेत. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने त्याला दहाव्या फेरीत पाडलं, ते आम्हाला सोमवारी कारखान्यात कळलं. मी कँटीनमध्ये मिलिंगवाल्याशी आठवडाभराच्या मिसळीची पैज लावून बसलो होतो. शनिवारपर्यंत रोज त्याच्या प्लेटमध्ये जादा तर्री माझ्या खिशातून. डग्लस उंच होता, त्याचा जॅब लांब होता, आणि त्या दिवशी तो घाबरला नव्हता. टायसनपुढे बाकीचे अर्धे रिंगमध्ये उतरायच्या आधीच हरलेले असायचे.

हल्लीचं उदाहरण हवं असेल तर फ्युरी आणि वाइल्डर. २०१८ मध्ये टायसन फ्युरी ११६ किलोंचा, मागे सरकत, हुलकावण्या देत लढला, दोनदा पडला, लढत बरोबरीत सुटली. २०२० मध्ये तो ट्रेनर बदलून, १२४ किलोंचा होऊन आला आणि पहिल्या फेरीपासून वाइल्डरच्या अंगावर चालून गेला. वाइल्डरचा उजवा हात भयंकर, पण तो सुटायला त्याला अंतर लागतं आणि पाय मागे घ्यायला जागा लागते. फ्युरीने दोन्ही दिली नाहीत, वर क्लिंचमध्ये, म्हणजे मिठी मारून धरल्यावर, सगळं वजन त्याच्या मानेवर टाकत राहिला. सातव्या फेरीत वाइल्डरच्या कोपऱ्यातून हार मानल्याचा टॉवेल आला. माणसं तीच, जोड वेगळी. (वाइल्डरने नंतर रिंगमध्ये येताना घातलेल्या जड पोशाखाला दोष दिला. आमच्या फडात असं कोणी बोललं असतं तर पुढच्या यात्रेपर्यंत पोरांनी जगू दिलं नसतं.)

अँथनी जोशुआचंही तसंच. जून २०१९ मध्ये पोट सुटलेल्या, चार इंच बुटक्या अँडी रुईझला त्याने तिसऱ्या फेरीत पाडलं आणि लगेच संपवायला आत घुसला. जवळून झटपट दोन्ही हात चालवणं हाच तर रुईझचा धंदा. सातव्या फेरीत जोशुआ हरला. सहा महिन्यांनी सौदी अरेबियातल्या दिरियात तो हलका होऊन आला, बारा फेऱ्या जॅब मारून बाजूला होत राहिला, आणि रुईझच्या हाताला काही लागू दिलं नाही. लोक म्हणाले कंटाळवाणी लढत. मला फार आवडली.

आता युक्रेनचा हेवीवेट ओलेक्सांद्र उसिक, आणि माझी फजिती.

माझा नातू बॉक्सिंग करतो. १७ वर्षांचा, ९६ किलो, सहा फूट एक इंच. त्याच्या गटाचं वजन असतं तेव्हा मी काट्यावरून उठतो, दुसऱ्याला बसवतो. बोलायला जागा नको. मागच्या महिन्यात सगळ्यात वरच्या गटात त्याच्यासमोर मालेगावकडचा एक पोरगा आला. ८८ किलो, पाच फूट नऊ, गोबरे गाल. मी वहीत डोकावून आकडे पाहिले आणि सुनेला फोन करून सांगितलं, संध्याकाळी गोड करा. वर हेही सांगितलं, की या पोराला ज्याने हरवलंय त्याला आपल्याने दोन महिन्यांपूर्वी हरवलंय. म्हणजे १९७८ ची ती चूक, तीच, शब्दशः, ६६ व्या वर्षी.

पोरगा डावखुरा निघाला. ते वहीत नव्हतं.

आमचा उजव्या हाताचा, म्हणजे डावा पाय पुढे. त्याचा उजवा पाय पुढे. दोघांचे पुढचे पाय समोरासमोर एकाच रेषेवर आले. पहिल्या फेरीत नातवाने त्याच्या पायावर तीनदा पाय दिला, एकदा अडखळून गुडघ्यावर गेला. त्याचा जॅब समोरच्याच्या पुढे धरलेल्या हातावर आपटायचा, आणि दोन्ही हातांच्या मधून त्या पोराचा सरळ डावा आत येऊन नाकावर बसायचा. तिन्ही फेऱ्या गेल्या. घरी खीर होती, कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये फरशीवर मी खडूने पावलं काढली. दोन त्याची, दोन समोरच्याची. नातवाला उभं केलं आणि त्याचा डावा पाय समोरच्याच्या उजव्या पावलाच्या बाहेर ठेवायला लावला. "आता उजवा सरळ टाक." हात थेट हवेतल्या नाकापर्यंत गेला. मग पाय आतल्या बाजूला ठेवायला लावला. तोच हात वळसा घेऊन जायला लागला. पोराने तीन-चार वेळा पाय आत-बाहेर करून पाहिलं आणि म्हणाला, "आबा, म्हणजे भांडण पायाचं आहे." चार इंचांच्या जागेसाठी अख्खी लढत.

उसिकही डावखुराच. पुढचा उजवा पाय सतत बाहेरच्या बाजूला सरकवत, हुलकावण्या देत तो समोरच्याला वळायलाच लावत राहतो. डिसेंबर २०२४ मध्ये फ्युरी त्याच्याहून सुमारे २५ किलो जड होता, उंच होता, हात लांब होते. तक्त्यात उसिकच्या बाजूला एक-दोन खुणा. तिन्ही पंचांनी ११६-११२ असा कौल उसिकला दिला. आणि साखळीचा हिशेबच हवा असेल तर हा घ्या: जोशुआ उसिकसमोर दोन लढतींत पूर्ण २४ फेऱ्या टिकला. त्या जोशुआला सप्टेंबर २०२४ मध्ये डॅनियल डुब्वाने पाचव्या फेरीत झोपवलं. म्हणजे डुब्वा उसिकला भारी? जुलै २०२५ मध्ये उसिकने डुब्वाला पाचव्याच फेरीत संपवलं, आणि त्याआधी २०२३ मध्येही हरवलं होतंच.

डावखुऱ्यावर उतारा नाही असंही नाही. हेवीवेटचा पहिला डावखुरा जगज्जेता मायकेल मूरर. नोव्हेंबर १९९४ मध्ये नऊ फेऱ्या त्याने ४५ वर्षांच्या फोरमनला, हो, त्याच फोरमनला, मनसोक्त चोपलं. पण तो त्याच्या समोर उभा राहून चोपत होता. दहाव्या फेरीत म्हाताऱ्याचा उजवा सरळ त्या दोन हातांच्या मधून गेला आणि मूरर उठला नाही. नातवाला ती लढत मोबाइलवर दाखवली. त्याने ती शेवटची दहा सेकंदं अकरा वेळा पाहिली.

आपल्याकडेही हेवीवेट झाले आहेत. १९८२ च्या एशियाडचे सुवर्णविजेते कौर सिंग १९८० मध्ये दिल्लीत खुद्द अलीसमोर प्रदर्शनीय लढत लढले होते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये सतीश कुमार तोंडाला टाके असताना उझबेकिस्तानच्या जलोलोवसमोर उतरला. तो जलोलोवही डावखुरा, वर दोन मीटर उंच. त्या दिवशी बहुतेक बातम्या टाक्यांबद्दल होत्या. टाके खरेच होते, धैर्यही खरं होतं. पण असा माणूस आपल्या पोरांना सरावाला कुठे मिळणार, याबद्दल चार ओळी कुणी लिहिल्या असत्या तर माझ्यासारख्यांनी कापून ठेवल्या असत्या.

तेव्हा विनंती एवढीच. तक्ता छापू नका असं मी म्हणत नाही. त्यात दोन-तीन रकाने वाढवा. कोणता पाय पुढे. अंगावर येतो की मागे सरकतो. लांबात लांब कितव्या फेरीपर्यंत लढलाय. अशा तऱ्हेच्या माणसाशी आधी गाठ पडली होती का, आणि तेव्हा काय झालं. जागा कमी पडत असेल तर नॉकआउटची टक्केवारी काढून टाका. ते कुणाला केले हे सांगितल्याशिवाय तिला काही अर्थ नाही.

दिवाळीनंतर नाशिकरोडला आणखी एक स्पर्धा आहे. नातू विचारत होता, "आबा, तोच परत आला तर?" मी या वेळी वजन विचारलं नाही. खडू घेऊन खाली गेलो, तर सुनेने पार्किंग धुऊन टाकलं होतं. आता पावलं पुन्हा काढायची आहेत.

आपला,
एक जुना वाचक,
पंचवटी, नाशिक